सोनोग्राफी नॉर्मल आली, पण जठर पाहिलं कोणी?

इंदुरात पोटाची तक्रार घेऊन हिंडणाऱ्या माणसाच्या फायलीत पहिला कागद बहुतेक वेळा सोनोग्राफीचा असतो. माणूस रामबागेतला असो, सुदामा नगरातला असो की देवास-धारहून आलेला असो, क्रम ठरलेला. आधी केमिस्टकडची गोळी, मग ओळखीचे डॉक्टर, मग ‘होल ॲब्डॉमेन’ सोनोग्राफी. रिपोर्टाच्या शेवटी ‘नो सिग्निफिकंट ॲबनॉर्मॅलिटी’ आलं की घरातले सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि पोट ‘क्लिअर’ असल्याची बातमी पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांपर्यंत पोचते. त्या एका ओळीच्या भरवशावर जठराच्या कर्करोगाचे कितीतरी महिने फुकट जातात, असं माझं म्हणणं आहे. याचं खापर रुग्णाच्या अज्ञानावर फोडणं सोपं आहे, पण खरं नाही. सोनोग्राफीला आपण भलताच प्रश्न विचारतो. जो प्रश्न तिला खरोखर विचारायला हवा तो विचारायची वेळ येते, तेव्हा एकतर पैसे नसतात किंवा फार उशीर झालेला असतो.

मी डॉक्टर नाही. नोकरीची बहुतेक वर्षं एंडोस्कोपीच्या, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जठर आतून पाहण्याच्या, खोलीत तंत्रज्ञ म्हणून गेली. दुर्बीण धुवायची, तपासायची, डॉक्टरांच्या हातात द्यायची आणि पडद्याकडे बघत उभं राहायचं. निदान करणं माझं काम नव्हतं, पण टेबलावर येणाऱ्या माणसाची फाइल चाळायला मला कोणी मनाई केली नव्हती. महूच्या एका आजोबांच्या जठरात भाकरीएवढी जखम दिसली, तेव्हा त्यांचा मुलगा दाराशी मला अडवून विचारत होता, “काका, दिवाळीत सोनोग्राफी केली होती हो, एकदम क्लिअर होती. मग हे एवढ्यात कसं झालं?” एवढ्यात झालंच नव्हतं. दिवाळीतल्या त्या कागदावर यकृत होतं, पित्ताशय होतं, प्लीहा, मूत्रपिंडं, मूत्राशय, प्रोस्टेट सगळं मापांसकट होतं. जठराचं नाव त्यात कुठेच नव्हतं.

नव्हतं, कारण ते पाहिलंच जात नाही, आणि यात सोनोग्राफी करणाऱ्याचा हलगर्जीपणा नाही. ध्वनिलहरी हवेपाशी पोचल्या की जवळपास सगळ्याच माघारी फिरतात. जठर ही पोकळ पिशवी, तिच्यात कायम थोडीफार हवा. पोटावर जेल लावून प्रोब फिरवला की त्या जागी पांढुरकं धुकं दिसतं आणि त्याच्या मागचंही झाकलं जातं. उपाशीपोटी बोलावतात ते मुख्यतः पित्ताशय फुगलेलं दिसावं म्हणून. रिकामं जठर तर तेव्हा चुरगळून पडलेलं असतं. चौकस डॉक्टर असेल तर जठराची खूप जाड झालेली भिंत त्याला जाणवते. ती पडद्यावर दुसऱ्याच एखाद्या मूत्रपिंडासारखी दिसते, म्हणून तिला ‘स्यूडोकिडनी साइन’ म्हणतात. पण भिंत एवढी जाड होईपर्यंत आजाराने बरीच मजल मारलेली असते. पोटभर पाणी पाजून जठराची सोनोग्राफी करण्याची पद्धतही आहे, चीनमध्ये तिच्यावर पुष्कळ काम झालं आहे. आपल्याकडे दिवसभर रांग लागलेल्या केंद्रात एकेका माणसाला पाणी पाजत बसायला वेळ कोणाला?

रिपोर्टाच्या तळाशी बारीक अक्षरात, इंग्रजीत, या तपासणीला मर्यादा आहेत आणि लक्षणांशी ताळमेळ घालून पाहावं, अशा अर्थाची ओळ पुष्कळदा असते. ती कोणी वाचत नाही. गंमत बघा, लिंगनिदानाला आळा घालायला 1994 साली कायदा झाला आणि 2003 पासून तो आणखी कडक झाला. त्यामुळे सोनोग्राफीचं यंत्र कुठल्या पत्त्यावर आहे आणि कोण चालवतं याची सरकारदरबारी काटेकोर नोंद असते. ती असायलाच हवी. पण त्याच यंत्राच्या रिपोर्टात काय पाहिलं गेलं नाही, हे रुग्णाला कळेल अशा भाषेत छापायला मात्र कोणी भाग पाडत नाही.

त्यात आपलं गाव पडलं खाण्याचं. सकाळी पोहे-जलेबी, वर शेव आणि जिरावण, रात्री सराफा. छातीत जळजळ झाली तर इंदुरी माणूस ती आजारात धरतच नाही. ‘कल सराफे में ज्यादा हो गया’ एवढ्यावर विषय संपतो. तिखट खाण्याने जठराचा कर्करोग होतो असा पुरावा नाही. ज्यांच्यावर ठपका आहे त्यांत हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आहे, त्याला 1994 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. शिवाय तंबाखू आणि खूप खारवलेलं, धुरावलेलं अन्न. पण तिखटाच्या नावावर सगळं खपत असल्याने पॅन्टोप्राझोलची पट्टी महिनोन् महिने चालू राहते. ही गोळी वाईट नाही. वाईट हे की आम्ल कमी झालं की कर्करोगाच्या जखमेचं दुखणंही काही काळ निवतं, आणि वरवर ती जखम भरल्यासारखीही दिसू शकते. वर सोनोग्राफी नॉर्मल! मग दुर्बिणीचं नाव कोण काढणार?

इतकं बोलून सोनोग्राफीला निकालात काढलं तर तोही अन्यायच होईल. बायोप्सीत कर्करोग ठरल्यानंतर तिची पाळी पुन्हा येते, आणि तेव्हा ती खरंच कामाची असते. आजार लांब गेला आहे का, हा प्रश्न तिला विचारता येतो. यकृतात गाठी, पोटात पाणी, बाईमाणूस असेल तर अंडाशयात उतरलेला आजार, डाव्या हसळीच्या, म्हणजे गळ्याखालच्या हाडाच्या, वरची लिम्फची गाठ, हे सगळं साध्या सोनोग्राफीत दिसू शकतं, आणि तिथेच सुईने नमुना घेऊन खात्रीही करता येते. हसळीवरच्या गाठीत कर्करोग सापडला तर पुढच्या कित्येक महागड्या तपासण्यांची गरजच उरत नाही, कारण मोठं ऑपरेशन करून आजार समूळ निघणार नाही हे तिथेच कळतं. काही शे रुपयांची तपासणी घराचं लाखाचं नुकसान वाचवते ती अशी. मात्र तिच्यात काही दिसलं नाही म्हणून आजार पसरलेला नाही, असं म्हणता येत नाही. त्यासाठी सीटी स्कॅन लागतो.

आता त्याच ध्वनिलहरी आतून. एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, आमच्या खोलीतल्या बोलीत ईयूएस. 1980 च्या सुमारास अमेरिका आणि जर्मनीत याची सुरुवात झाली. दुर्बिणीच्या टोकालाच एक इवलासा प्रोब बसवलेला असतो. बाहेरून जी हवा आडवी येत होती तिला वळसा घालून थेट भिंतीपाशी जायचं, एवढीच कल्पना. बाहेरच्या प्रोबला पोटात खोलवर पोचायचं असतं, म्हणून त्याची फ्रीक्वेन्सी 2 ते 5 मेगाहर्ट्झ. आतल्याला दोन-तीन सेंटीमीटरच बघायचे, म्हणून तो 20 पर्यंत जाऊ शकतो. फ्रीक्वेन्सी जितकी जास्त तितकी पोच कमी आणि बारकावा अधिक.

माणसाला डाव्या कुशीवर निजवतात, घशात बधिर करणारा फवारा, दातांमध्ये माउथपीस, शिरेतून गुंगीचं औषध. प्रोबवरच्या छोट्या फुग्यात पाणी भरायचं, मग जठरातली हवा ओढून घेऊन तिथेही पाणी सोडायचं. माझं निम्मं लक्ष त्या पाण्याकडे असे, कारण एखादा बुडबुडा भिंतीला चिकटून राहिला तरी चित्र तेवढ्यापुरतं आंधळं होतं. सगळं जमलं की पडद्यावर भिंत उमटते. तीन-चार मिलिमीटरची निरोगी भिंत, आणि तिच्यात चांगल्या घडीच्या पोळीसारखे सुटे पदर: उजळ, काळा, उजळ, काळा, उजळ. आतले दोन म्हणजे श्लेष्मल अस्तर, तिसरा उजळ पट्टा त्याच्या खालचा सबम्युकोसा, चौथा काळा तो स्नायू, आणि शेवटचा बाहेरचं आवरण. कर्करोग काळपट दिसतो आणि पदर पुसत पुढे सरकतो. तिसरा उजळ पट्टा शाबूत आहे की तुटला, हे बघताना खोलीत कोणी बोलत नसे.

त्या पट्ट्यावर खरंच बरंच काही ठरतं. आजार वरच्या अस्तरातच असेल तर लिम्फच्या गाठींत तो गेलेला असण्याची शक्यता साधारण शेकडा दोन-तीन. सबम्युकोसात शिरला की तीच शक्यता विसाच्या आसपास जाते. पहिल्या परिस्थितीत, गाठ लहान आणि सौम्य जातीची असेल तर, दुर्बिणीतूनच तेवढं अस्तर सोलून काढता येतं आणि जठर वाचतं. दुसऱ्या परिस्थितीत बहुधा ऑपरेशन. स्नायूच्या पलीकडे गेला असेल तर आधी केमो आणि मग ऑपरेशन. आधी केमोचा फायदा होतो हे 2006 सालच्या ब्रिटिश ‘मॅजिक’ चाचणीने दाखवलं: नुसत्या ऑपरेशननंतर पाच वर्षं जगलेले 23 टक्के, ऑपरेशनच्या आधी आणि नंतर केमो दिलेले 36 टक्के. 2019 साली जर्मन ‘फ्लॉट’ चाचणीत आणखी चांगल्या औषधांनी जगण्याचं प्रमाण अजून वाढलं. म्हणजे टप्पा न ठरवता थेट सुरी चालवणं ही आता घाई नव्हे, चूक आहे.

मग प्रत्येक जठराच्या कर्करोगाला ईयूएस हवंच का? माझ्या जुन्या खात्याशी ही बेइमानी वाटेल, पण माझं उत्तर नाही असं आहे. 2015 च्या कॉक्रेन आढाव्यात 66 अभ्यास आणि साडेसात हजारांहून अधिक रुग्ण एकत्र पाहिले गेले. आजार स्नायूपर्यंतच आहे की त्याच्या बाहेर गेला, हे सांगण्यात ईयूएसची संवेदनशीलता (बाहेर गेलेला आजार ओळखण्याचं प्रमाण) 86 टक्के आणि विशिष्टता (न गेलेला तसाच ओळखण्याचं प्रमाण) 90 टक्के निघाली. हे चांगलंच आहे. पण अस्तर की सबम्युकोसा या नाजूक प्रश्नावर विशिष्टता 75 वर उतरली, आणि लिम्फच्या गाठींच्या बाबतीत 67 वर. साध्या हिशेबात, ज्यांच्या गाठी निरोगी आहेत अशा शंभर जणांतल्या तेहतिसांना ‘गाठीत आजार आहे’ असं चुकीचं सांगितलं जाईल. जखमेभोवतीची सूजही काळीच दिसते, म्हणून आजार आहे त्याहून खोल भासतो. केमोनंतर तर जुना व्रण आणि उरलेला आजार यांत फरक करणं फारच कठीण. तरीही केमोनंतर ‘एकदा ईयूएस करून बघू’ म्हणून पाठवलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्या रिपोर्टाने उपचारात काय बदललं, हे मला कधी उमगलं नाही.

आणि आपल्याकडे मुळात लवकर सापडलेला जठराचा कर्करोग दुर्मीळ. दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमातून होते, जपानने 2016 पासून पन्नाशीनंतर एंडोस्कोपीची सोय केली. तिथे निम्म्याहून जास्त कर्करोग पहिल्या पायरीवरच सापडतात, म्हणून तिथे पदर मोजण्याला एवढं महत्त्व. भारतात 2020 च्या ग्लोबोकॅन अंदाजानुसार वर्षाला सुमारे 60 हजार नवे रुग्ण, त्यांत मिझोरामचं प्रमाण सर्वाधिक. माळव्यात सरसकट सगळ्यांची दुर्बिणीने तपासणी करा, असं कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. इथला रुग्ण येतो तोच वजन दहा किलो उतरवून, उलट्या घेऊन. त्याच्या सीटीतच आजार बाहेर पडलेला दिसतो. त्याला कुठल्या पदरापर्यंत हे ईयूएसने सांगून काय साधणार? त्याला गरज असते ती लॅप्रोस्कोपीची, म्हणजे पोटाला छोटं छिद्र पाडून दुर्बिणीने आत बघण्याची. पेरिटोनियम म्हणजे पोटाच्या पोकळीचं अस्तर, त्यावर कधी कधी तांदळाच्या कणीएवढे कर्करोगाचे दाणे पसरलेले असतात आणि ते सीटीतही निसटतात, ईयूएसमध्येही. वाढलेल्या आजारात, सीटीत काही नसूनही, चार-पाच जणांमागे एकाच्या पोटात असे दाणे सापडतात.

एक अपवाद सांगायलाच हवा, कारण तो फार फसवा असतो. लायनायटिस प्लास्टिका नावाच्या प्रकारात कर्करोग अस्तराच्या खालून पसरतो. दुर्बिणीत वरचं अस्तर जवळजवळ बरं दिसतं, जठर फक्त फुगत नाही, ताठर वाटतं. तुकडा तपासायला पाठवावा तर तो वरवरचा, म्हणून रिपोर्ट निगेटिव्ह. अशा वेळी ईयूएसवर तिसरा-चौथा पदर बोटभर जाड झालेला दिसतो आणि तिथून खोल नमुना घेता येतो. यकृताच्या डाव्या भागातली छोटी गाठ किंवा जठराभोवतीचं चमचाभर पाणीही ईयूएसला आधी कळतं, आणि पाण्यात कर्करोगाच्या पेशी निघाल्या तर उपचाराची दिशाच बदलते. असे रुग्ण थोडे. पण त्यांच्यासाठी ही तपासणी शहरात, परवडेल अशी, आणि वेळेवर मिळायला हवी.

इथे प्रश्न येतो सरकारच्या पैशाचा. 23 सप्टेंबर 2018 ला सुरू झालेल्या आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांचं संरक्षण आहे, आणि माळवा-निमाडातल्या कितीतरी घरांनी तिच्यामुळे ऑपरेशन निभावलं हे नाकारणं कृतघ्नपणा होईल. पण ही योजना भरती झालेल्या माणसाची. भरतीच्या आधीच्या 3 दिवसांचा आणि नंतरच्या 15 दिवसांचा खर्च तिच्यात येतो. जठराच्या कर्करोगात तीन दिवसांत नुसता बायोप्सीचा रिपोर्टही हाती येईलच असं नाही. त्यानंतर सीटी, मग कोणाला ईयूएस, कोणाला लॅप्रोस्कोपी, मग सर्जन आणि केमोच्या डॉक्टरांची बैठक. ऑपरेशनला पाच लाख तयार, पण ते ऑपरेशन करावं की नाही हे ठरवण्याचे पैसे खरगोनच्या शेतकऱ्याने खिशातून काढायचे. तो काय करणार? तपासण्या गाळणार. एखादी दागिना मोडून करणार, दुसरी नाही. आणि मग पोट उघडल्यावर दाणे दिसले की टाके घालून परत.

माझं मागणं यंत्रांचं नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ईयूएस ठेवावं असं म्हणणाऱ्यांनी ती दुर्बीण किती नाजूक असते, एका चुकीच्या वळणाने तिची दुरुस्ती कुठल्या आकड्यात जाते, हे पाहिलेलं नाही. शिवाय हे काम हाताचं आणि डोळ्याचं आहे. महिन्यातून एखादंच करणारा डॉक्टर पदर नीट वाचू शकणार नाही. एका विभागाला एक सरकारी केंद्र पुरे. बायोप्सी पॉझिटिव्ह आली की टप्पा ठरवण्याच्या तपासण्यांचं एकत्र पॅकेज तिथेच, भरतीची अट न घालता, योजनेतून मंजूर व्हावं, आणि ईयूएस करायचं की नाही हे एकट्या डॉक्टराने न ठरवता बैठकीत ठरावं. जिल्ह्याच्या ठिकाणी जे हवं ते साधी एंडोस्कोपी आणि तुकडा तपासायची सोय. पाच-दहा मिनिटांचं काम. तिचा खर्च सोनोग्राफीहून फार निराळा नसतो, ईयूएसचा मात्र कितीतरी पट असतो.

डॉक्टरमंडळी म्हणतात, दुर्बिणीचं नाव काढलं की पेशंट दुसऱ्या दवाखान्यात जातो. खरं आहे. नळी गिळायची भीती मीच रोज पाहिली आहे, धडधाकट पैलवान दारातून परत फिरलेले पाहिले आहेत. पण ज्या शहराने कचरागाडीच्या भोंग्यावरून घरोघरी ओला-सुका कचरा वेगळा करायला लावला, त्याला लोकांच्या सवयी बदलत नाहीत असं म्हणायचा हक्क नाही. गणेशोत्सवात मंडळांच्या मंडपात आरोग्य शिबिरं होतात, ‘फुल बॉडी चेकअप’ची सवलतीची कूपनं वाटली जातात, त्यात रक्ताच्या चाचण्यांबरोबर सोनोग्राफी हमखास असते. त्याच मंडपात फलक लावावा: वजन उतरत असेल, दोन घासांत पोट भरत असेल, शौच काळी होत असेल, उलट्या थांबत नसतील, गिळताना अडकत असेल किंवा चाळिशीनंतर पहिल्यांदाच अपचन सुरू होऊन महिनाभर टिकलं असेल, तर सोनोग्राफी नॉर्मल असली तरी दुर्बिणीची तपासणी करा. आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टावर पहिल्याच ओळीत, ठळक हिंदीत, छापलं जावं की या तपासणीत जठर आणि आतडी आतून पाहिलेली नाहीत. त्याला ना यंत्र लागतं ना बजेट, एका आदेशाचं काम आहे.

खासगी केंद्रांकडूनही एक गोष्ट मागता येईल. ज्या रुग्णाचं केमोशिवाय थेट ऑपरेशन होतं, त्याचं काढलेलं जठर पॅथॉलॉजीत जातं आणि आजार कुठल्या थरापर्यंत होता हे सूक्ष्मदर्शकाखाली नक्की कळतं. ऑपरेशनआधी ईयूएसने जे सांगितलं होतं ते बरोबर होतं की नाही, याचा ताळा तिथे आपोआप मिळतो. केमो झालेल्यांचा ताळा असा जमत नाही, कारण औषधाने आजार मागे हटलेला असतो. पण थेट ऑपरेशन झालेल्यांचा वर्षभराचा ताळा मांडणं एका वहीचं काम आहे. आपल्या केंद्राचा ताळा किती वेळा जुळला, हे ईयूएसचे पैसे भरताना काउंटरवर विचारायला कोणाची हरकत नसावी.